प्रल्हादकाकांच्या सेटमधला बिघाड

गुलमंडीतल्या आपल्या दुकानात प्रल्हादकाका गिऱ्हाइकाला अस्तर दाखवता दाखवता मध्येच हात वर करायचे आणि कापडाच्या ताग्यांमागे ठेवलेल्या रेडिओच्या माइकमध्ये म्हणायचे, "थांबा भाऊ, एवढं कापड फाडून देतो अन् आलोच." पलीकडचा नाशिकचा नाहीतर हुबळीचा माणूस खरंच थांबायचा. आवाजच तसा होता त्यांचा, पिशोरच्या बाजारात बापाशेजारी उभं राहून कापड विकताना कमावलेला.

मी गेले होते पडद्याचं कापड घ्यायला. आले ती हौशी रेडिओचं, म्हणजे परवाना काढून सेटवरून देशभरच्या अनोळखी लोकांशी गप्पा मारायचं खूळ घेऊन. जुना सेट घेतला आणि लगेच त्यात सुधारणा करायला निघाले. काकांनी कपाळाला हात लावला. "पोरी, चालता सेट उघडायचा नाय. सगळ्यात भारी सुधारणा कोणती सांगू? स्क्रू परत कसून लावणं." मी उघडलाच, आणि लावताना एक स्क्रू उरला. तो त्यांनी काउंटरवर मांडला आणि येईल त्याला दाखवला, "ही आमच्या पोरीची सुधारणा!"

रविवारी सकाळी बँडवर मुंगी शिरायला जागा नसते. एकावर एक आवाज, मध्येच शिट्ट्या. मी पॉवर वाढवायला गेले की हातावर चापट बसायची. "शहागंजात गर्दीत गाडी घालून हॉर्न वाजवला तर रस्ता मिळतो व्हय? शिव्या मिळतात. आधी ऐकायचं. मग इचारायचं, जागा मोकळी हाय का? नसंल तर जरा सरकून घ्यायचं." बिघाड शोधण्याचाही त्यांचा क्रम ठरलेला. "आधी बोलणारा माणूस तपास, मग वायर, मग अँटेना. सेट लई शेवटी. बिचाऱ्याला सांगता येत नाय म्हणून समदे त्याच्यावर ढकलतात."

मागच्या उन्हाळ्यात काकांचा आवाज फाटायला लागला. आम्ही रविवारी रेडिओवर जमणारी मंडळी एकाहून एक शहाणी. कुणी म्हणालं, माइक गेला असेल. मी म्हणाले, "काका, कपॅसिटर बघा." आणि जन्मभर दुसऱ्यांना स्क्रू लावायला सांगणाऱ्या माणसाने स्वतःचा सेट उघडला. माइक बदलला, कपॅसिटर बदलले, काढलेला प्रत्येक भाग बटणांच्या डबीत जपून ठेवला. अहो, समोर दुकानातही ते तितकंच घोगरं बोलत होते! मी ते ऐकायचे आणि म्हणायचे, दिवसभर गिऱ्हाइकांशी ओरडता, दुसरं काय होणार?

शेवटी काकूंनीच त्यांना दवाखान्यात नेलं. मी सोबत होते. डॉक्टरांनी विचारलं, "इतके महिने घसा बसलाय, मग केलं काय तुम्ही?"

"माइक बदलला," काकू म्हणाल्या. त्यांना टोमणा मारायचा नव्हता. झालं ते सांगितलं बाईंनी. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढावं लागलं. त्यानंतर काका गळ्याला मलमल गुंडाळून दुकानात बसत आणि कापडावर खुणा करायच्या खडूने काळ्या अस्तराच्या तुकड्यावर लिहून बोलत. एका रविवारी त्यांनी ती बटणांची डबी माझ्यापुढे सरकवली आणि लिहिलं, "होता तसा कर."

मी जुना माइक बसवला, जुने कपॅसिटर लावले. एकही स्क्रू उरला नाही, ते त्यांनी वाकून बघून घेतलं. मग बोल म्हणून खूण केली. मी आधी ऐकलं, जागा मोकळी आहे का विचारलं आणि आमच्या मंडळींना हाक मारली.

"ताई, एकदम स्वच्छ येताय," पलीकडून उत्तर आलं. "काकांचा सेट ना? सापडला वाटतं बिघाड!"

काकांनी खडू उचलला. "पहिल्यापासून चांगलाच होता," असं लिहिलं, मला वाचू दिलं आणि तळहाताने पुसून टाकलं. मला रडू आवरत नव्हतं. त्यांनी माझ्या हातातला माइक हळूच काढून हुकाला लावला आणि दारात उभ्या गिऱ्हाइकाला हाताने आत बोलावलं.

दिवाळीच्या आधी काका गेले. काकूंनी सेट माझ्याकडे दिला. अजून एकदाही बिघडला नाही.