पिवळ्या वायरमधून आलेला आवाज

मित्रा आणि राहुल,

या सदरातले अनुभव मी आजवर करमणूक म्हणून वाचत आले. आमच्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच गंडेदोरे घराबाहेर गेले, आणि पुढे माझं आयुष्य पुलगावला इंग्रजी शिकवण्यात गेलं. अंगात येणं, भास होणं... आधी कारण सांगा, मग बोला, असा माझा खाक्या. तरीही हे लिहून सदराकडे पाठवते आहे आणि तुम्हालाही. दुसरा मार्गच उरलेला नाही.

वाचकांसाठी सांगते — मित्रा आणि राहुल ही माझी नातवंडं, कॅनडात असतात. त्यांची आई, माझी सुजाता, दोघं अगदी लहान असताना आजारपणात गेली. या हिवाळ्यात मित्रा फोनवर म्हणाली, "आजी, आईचा चेहरा फोटोत दिसतो गं. आवाज कसा होता तेच आठवत नाही." मग प्रत्येक फोनला तेच. पुढे तिचं कॉलेजला जाणं थांबलं, जेवण सुटलं. शेवटी जावयांनीच मला विनवलं, की आई, कुठूनही शोधा, पण काहीतरी शोधा.

आवाज शोधायचा कुठे? एकच जागा होती — मित्राच्या बारशाचं शूटिंग. माझा धाकटा भाऊ विलास नाचणगावला राहतो. तेव्हा तो लग्नांची शूटिंग करायचा. त्याच्या पेटीत कॅमकॉर्डर सापडला, मूळ कॅसेटही सापडली. पण हातात देतानाच तो म्हणाला, "ताई, यात आवाज नाई."

शूटिंगवाल्यांची ती रीतच होती. बँडचा गोंगाट नको म्हणून माइकच्या भोकात रिकामी पिन खोचून कॅमेऱ्याचा माइक बंद ठेवायचा आणि मिक्सिंगच्या वेळी वरून गाणी टाकायची. बारशाच्या दिवशीही त्याची पिन सवयीने तशीच राहिली होती. एखाद्या वेळी काढली असशील, आठवून बघ, असं मी त्याला किती तऱ्हांनी विचारलं. दर वेळी तो म्हणाला, "नाई काढली, ताई."

कॅसेटला बुरशी लागलेली. चालली तर एकदाच चालेल, असं विलासचं मत. म्हणजे वायर कोणती लावायची हे आधीच ठरवायला हवं होतं. मला फायरवायर हवी होती, कारण कॅसेटवर जे आहे ते जसंच्या तसं तिच्यातून उतरतं. पण माझ्या लॅपटॉपला ते भोकच नाही. नागपूरहून जोडण्या मागवल्या, एकीला एक लावत गेलो, तरी लॅपटॉपला कॅमेरा ओळखू येईना. यूएसबी लावली तर कॅमेऱ्याच्या कार्डावरचे फोटो तेवढे आले, कॅसेट नाही. राहिली एव्ही वायर — पिवळी पिन चित्राची, लाल आणि पांढरी आवाजाची — आणि ती लॅपटॉपला जोडणारी छोटी डबी. त्यातही लाल-पांढरीची टोकं तुटलेली. मी म्हटलं, नवी वायर आणू, मग लावू.

"काऊन पण?" विलास म्हणाला. "आवाजच नाई त उतरवतं काय? कॅसेट सडून राह्यली, ताई. चित्र तरी वाचव पोरीसाठी."

शेवटी मीच लाव म्हटलं.

दुपारची वेळ, पंखा बंद. कॅमेऱ्याचा स्पीकर कधीचाच गेलेला. डबीवरची लाल आणि पांढरी भोकं माझ्या डोळ्यांसमोर रिकामी होती. पडद्यावर सुजाता आली, हिरव्या साडीत, पाळण्याशेजारी. आमच्याकडे बाळाच्या कानात नाव आईच सांगते. ती वाकली ती वाकलेलीच. तेव्हा बायकांनी तिला चिडवलं होतं, नाव सांगून राह्यली का भाषण देऊन राह्यली म्हणून. ती नुसती हसली होती. काय सांगितलं ते कोणालाच सांगितलं नाही.

आणि लॅपटॉपमधून तिचा आवाज आला.

बायकांचा कलकलाट नाही, भांड्यांचा आवाज नाही. फक्त ती, कानाशी बोलावं इतकी हळू. मग कॅमेऱ्यात काहीतरी करकरलं, कॅसेट अडकली, पडदा निळा झाला.

मी विलासकडे वळले. मी काय ऐकलं ते सांगितलं नाही. आधी तू सांग, काय ऐकलंस, म्हटलं. त्याने सांगितलं. मी ऐकलं होतं तेच, शब्दाला शब्द.

तेवढी फाइल लगेच तुम्हाला पाठवली. मित्राचा फोन आला तेव्हा ती रडत होती. "आजी, आई दिसते. ओठ हलतात. आवाज नाही."

मी इकडे पुन्हा लावली. आवाज नव्हता. पुन्हा लावली, आवाज वाढवून लावली, कान टेकवून ऐकली. राहुलने तपासून कळवलं की त्या फाइलमध्ये आवाजाचा ट्रॅकच नाही. लॅपटॉपच्या माइकने काही पकडलं असेल का, हेही विचारून झालं. पण खोलीत तेव्हा कोणी बोललंच नव्हतं. कॅसेटचे कॅमेऱ्यात तुकडे झाले. आता लावायला काही उरलेलं नाही.

हे कसं झालं ते मला सांगता येत नाही, आणि जन्मभर कारणं मागणारी मी आता कोणाला मागतही नाही.

मित्रा, आवाज मला पाठवता आला नाही. तो थोडा घोगरा होता, वाक्याच्या शेवटी किंचित वर चढायचा. तुझ्या कानात ती म्हणाली ते लिहून देते, तेवढंच माझ्या हातात आहे —

"संघमित्रा. हे नाव मी ठेवलं. नाई आवडलं त मोठी झाली का बदलवून घेजो. पण मी हाक मारली का ओ देजो, बाई."