टीचरनी निवडलेली टपालपेटी

ती घटना आठवली की आजही आधी मला माझाच राग येतो, कारण सुरुवात माझ्याच तोंडाने झाली होती.

तेव्हा मी मालवण किनाऱ्यावरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. मी घाटावरचा, समुद्राबद्दल एवढंच ठाऊक की पाणी खारट असतं. मच्छीमारांच्या बैठकीत मी छाती काढून सांगितलं, "ठाण्यात यायची भीती वाटते ना? मग ई-मेल करा. ई-मेल म्हणजे बंद पाकीट. माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही." फळ्यावर पत्ताही लिहिला. ई-मेल मला माझ्या मुलीने दोनच महिन्यांपूर्वी शिकवला होता. अर्धवट ज्ञान आणि अंगावर वर्दी, मग काय विचारता!

खाडीच्या तोंडाशी एक टोळी जिलेटिन फोडून मासे मारत होती. स्फोट झाला की लहानमोठं सगळं मरतं, आणि किनाऱ्यावरून रापणीचं लांब जाळं ओढणाऱ्यांच्या हाती पुढे काहीच येत नाही. एका खलाशाचा हात मनगटापासून गेला होता. जबाबात त्याने सांगितलं, "हात इंजिनात गावलो." बघणारे पुष्कळ होते, बोलणारा एकही नव्हता.

मग एक मेल आला. पाठवणाऱ्या होत्या खाडीकाठी एकट्या राहणाऱ्या एक निवृत्त ख्रिश्चन शिक्षिका. सगळं गाव त्यांना टीचर म्हणे. होडी कोणती, वेळ कोणती, सामान कुठे लपवतात, सगळं व्यवस्थित लिहिलेलं.

छापा घातला आणि हात हलवत परत आलो. माझा संशय एका हवालदारावर गेला, कारण त्याची सासुरवाडी त्याच गावात. सगळ्यांसमोर मी त्याला नको ते बोललो. दुसरा मेल आला तेव्हा ठाण्यात कोणाला चकार शब्द सांगितला नाही. साध्या कपड्यांत एकटाच जाऊन खडकाआड बसलो. पुन्हा शुकशुकाट. म्हणजे हवालदार निर्दोष होता, आणि बातमी माझ्यापर्यंत येण्याआधीच फुटत होती.

त्याच आठवड्यात टीचरच्या अंगणातल्या क्रुसाला कोणीतरी सुरुंगाच्या वातीचा तुकडा बांधून गेलं. पुढची वात तुमच्या घराला, असा त्याचा अर्थ.

त्या डोळे तपासायला तालुक्याला आल्या, तेव्हा दवाखान्याच्या बाकावर आम्ही भेटलो. बाईंनी आवाज न चढवता विचारलं, "पाकीट बंद होतं ना, साहेब? मग फोडलं कोणी?"

मी त्यांना मेल कुठून पाठवता, एवढंच विचारलं. त्या बाजारातल्या सायबर कॅफेतून पाठवायच्या.

दुसऱ्या दिवशी लुंगी आणि टोपी घालून, काजूचा व्यापारी म्हणून मी त्या कॅफेत गेलो आणि नवीन ई-मेल काढून मागितला. मालक भला माणूस. ज्या आयांची मुलं आखातात, बोटीवर, त्यांना तो मेल मोठ्याने वाचून दाखवायचा, उत्तरंही लिहून द्यायचा. त्याने माझं खातं उघडलं, पासवर्ड ठरवला आणि माझ्या डोळ्यांदेखत एका जाड वहीत उतरवून घेतला.

"हे कशाला?"

"इसारलात तर मगे? सगळ्यांचे आसत हयसर. गावच्या माणसांका सवय आसा."

मी वही हातात घेतली. अर्ध्या गावाच्या किल्ल्या त्यात होत्या, टीचरचीही. कोणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं. पूर्वी पोस्टमन पत्र वाचून दाखवायचा, आता हा दाखवतो.

ओळख सांगितल्यावर बिचाऱ्याला दरडावण्याची गरजच पडली नाही. "दुपारी जेवूक जातंय तेव्हा मेवणो बसता गल्ल्यार," म्हणाला. मेहुणा त्या टोळीच्या होडीवर होता. "सायबानू, देवाशप्पत, माका म्हायत नाय होता. टीचरनी माका शिकवलेला!" आणि तो ढसाढसा रडला. त्याला आत टाकला असता तर टोळी सावध झाली असती. मी धोका पत्करला. म्हटलं, वही घरी कुलपात ठेव, दुकान रोजच्यासारखं चालव आणि घरातही तोंड उघडू नको. त्याने ते पाळलं.

आता टीचर पुन्हा लिहितील का, हा प्रश्न होता. मी तर म्हणालो, "बाई, सोडा आता. तुमचा जीव मोलाचा." तर फटकन म्हणाल्या, "कित्या सोडू? तेंका तांच व्हया!" टोळीला तेच तर हवं होतं.

त्यांची भाची गोव्यात संगणकाच्या कामात होती. तिने जुना लॅपटॉप आणून दिला, घरच्या टेलिफोनवर इंटरनेट जोडलं आणि परदेशातल्या दोन कंपन्या सुचवल्या. त्यांचा मेल लिहिणाऱ्याच्या संगणकावरच कुलूपबंद होतो आणि ज्याला पाठवला त्याच्याच संगणकावर उघडतो, असं तिने समजावलं. म्हणजे मलाही तिथेच खातं काढावं लागणार होतं.

माझ्यातला पोलीस जागा झाला. "चोरांनीही हीच पेटी वापरली तर?"

टीचर म्हणाल्या, "चोरही घराला कुलूप लावतो. म्हणून मी दार उघडं ठेवून झोपू?"

दोन्ही कंपन्यांना टीचरनी तेच प्रश्न विचारले. तुमचं पोट कशावर चालतं? माझं पत्र तुम्हाला वाचता येतं का? कोर्टाने मागितलं तर काय देता? पासवर्ड विसरले तर?

पहिलीचं उत्तर चकचकीत होतं: जगात कोणीही, कधीही वाचू शकणार नाही. बाकी प्रश्नांना बगल. दुसरीने लिहिलं की आम्ही वर्गणीवर चालतो, जाहिराती घेत नाही. पासवर्ड विसरलात तर आम्हीही उघडून देऊ शकत नाही, पत्रं गेली समजा. विषयाच्या ओळीला कुलूप नसतं, तिथे काही लिहू नका. कोणी कोणाला कधी लिहिलं ते आम्हाला दिसतं, आणि आमच्या देशाच्या कोर्टाचा हुकूम आला तर आमच्याकडे असेल ते द्यावं लागेल.

मला पहिली आवडली. टीचर हसल्या. "साहेब, तुम्ही घाटावरचे. जी बाई सगळीच मासळी ताजी म्हणते, तिच्याकडून मी कधी घेत नाही. 'ह्यो बांगडो कालचो' असं जी सांगते, तिच्याकडून घेते."

मग चष्म्यावरून माझ्याकडे रोखून पाहत म्हणाल्या, "आता तुमचं सांगा. तुमच्याकडून काय फुटू शकतं?"

उभ्या नोकरीत मला हे कोणी विचारलं नव्हतं. मला मेल येतो हे वरिष्ठांना कळेल, कोणाचा ते नाही, असं मी सांगितलं. स्टेशन डायरीत 'गुप्त बातमीदार' एवढीच नोंद होईल. बातमी कोणी दिली हे सांगायची सक्ती कोर्टही माझ्यावर करू शकत नाही, पुरावा कायद्याचं कलम एकशे पंचवीस. पण मी संगणक उघडा टाकून उठलो तर कुठलंच कलम वाचवणार नाही.

"हां, आता बरां," त्या म्हणाल्या.

इकडे टोळीला वाटलं, म्हातारी घाबरली. महिन्याभराने त्यांनी पुन्हा काम सुरू केलं. तिसरा मेल आला, विषयाची ओळ कोरी. दोन पंच बरोबर घेऊन आम्ही उजाडता उजाडता होडी अडवली. जिलेटिनच्या कांड्या, डिटोनेटर, सगळं जागेवर सील केलं. मेहुण्यासह चौघे ताब्यात. सकाळच्या हजेरीला मी त्या हवालदाराची सगळ्यांसमोर माफी मागितली. कॅफेवाल्याने एकेका गिऱ्हाइकाला बोलावून पासवर्ड बदलायला लावले आणि वही चुलीत घातली. मनगट गेलेला खलाशी आपण होऊन ठाण्यात आला आणि खरा जबाब देऊन गेला. त्या दिवशी मला जो आनंद झाला, तो बढतीनेही कधी झाला नाही.

उलटतपासणीत वकिलांनी तीनदा विचारलं, बातमी कोणी दिली? तीनदा मी कलम सांगितलं. आरोपींना शिक्षा झाली.

या खटल्याने मला एक शिकवलं. विश्वास ठेवा म्हणणारे पुष्कळ भेटतात. आपली कुलपं कुठे कच्ची आहेत हे आधी सांगणारा विरळा. पुढे प्रत्येक बातमीदाराला मी आधी माझं कच्चं सांगत गेलो, आणि माणसं बोलत गेली.

आता वाचक म्हणतील, साहेब, एवढं वर्णन केल्यावर गावातला कोणीही टीचरना ओळखेल. खुशाल शोधा. त्या शिक्षिका नव्हत्या, खाडीकाठी राहत नव्हत्या, आणि बाई होत्या की बुवा, हेही मी सांगणार नाही. हे लिहिण्याआधी त्यांची परवानगी घेतली आणि लिहून झाल्यावर त्यांनाच आधी वाचायला दिलं. ते परत करताना त्या व्यक्तीने एवढंच विचारलं, "माका वळखूक येत नाय मा?"

म्हटलं, "नाय."