ढाणकीच्या बाजारात सोयाबीनची भजी

माझी पीएचडी सोयाबीनच्या वासावर झाली. हे सांगितलं की लोक हसतात. पण राळेगावकडच्या आमच्या शेतात दरवर्षी सोयाबीन व्हायचं आणि घरात त्याचा एक दाणाही कधी शिजला नाही, तो त्या कच्चट, उग्र वासामुळेच. मळणी झाली की पोती थेट बाजारात. तो वास कसा घालवायचा हे मी प्रयोगशाळेत शोधत बसले. कोरडे दाणे न भिजवता थेट उकळत्या पाण्यात टाकले की वास तयारच होत नाही. एवढं सिद्ध झालं, पदवी मिळाली आणि प्रबंध कपाटात गेला.

मग यवतमाळला आमच्यासारख्या नव्या संशोधकांसाठी एक प्रशिक्षण निघालं. पहिल्याच सकाळी शिकवायला आलेल्या ज्येष्ठ शास्त्रज्ञ मॅडमनी प्रोजेक्टर बंद केला.

"तुमचं संशोधन मला पडद्यावर बघायचं नाही," त्या म्हणाल्या. "ते अनोळखी माणसाच्या हातात दिसलं पाहिजे. जोड्या करा आणि निघा."

माझी जोडी लागली कोकणातून आलेल्या अर्थशास्त्राच्या एका अभ्यासकाशी. आमच्या वाट्याला ढाणकी हे गाव आलं. तिकडे जाताना एसटीत आमचं भांडणच जुंपलं. मी सोयाबीनच्या दुधावर अडून बसले होते.

"दूध ठेवणार कुठे? फ्रीज कोण देणार?" तो म्हणाला. "लोक आधीपासून जे विकत घेऊन खातात, त्यात तुझं सोयाबीन घालता येईल का, ते सांग."

"भजी!" मी इतक्या जोरात ओरडले की कंडक्टरनं वळून पाहिलं.

ढाणकीच्या बाजारात भज्यांचा गाडा लावणाऱ्या एका काकूंना आम्ही त्याच दुपारी त्यांच्या घरी गाठलं.

"सोयाबीन?" काकूंनी कपाळाला आठ्या घातल्या. "ते कायले खाऊ घालता लोकायले? आमी पिकोतो, खात नाई. गिऱ्हाइकानं थू केलं तं?"

"आधी तुम्ही खाऊन बघा काकू. नाही आवडलं तर आम्ही परत जातो."

"मंग खाऊन पाहाले काय जाते!" म्हणत त्यांनी अंगणातली चूल पेटवली.

मोठ्या गंजात पाणी खदखदायला लागलं. मी टोपलंभर दाणे एकदम ओतले आणि वर झाकण ठेवलं. थोड्या वेळानं झाकण काढलं तर तोच वास! काकूंनी नाकाला पदर लावला.

"पोरी, हे तं तसंच वासून राह्यलं."

प्रयोगशाळेत तर एकदाही असं झालं नव्हतं. पण तिथे काचेच्या भांड्यात मूठभर दाणे असायचे. इथे ढीगभर थंड दाणे पडताच उकळी बसली होती आणि पाणी पुन्हा तापेपर्यंत वास तयार झाला होता. हे लक्षात आलं तशी मी उठून उभीच राहिले.

"उकळी मोडता कामा नये! दाणे मूठमूठ टाकायचे!"

नवं पाणी चढवलं. माझा सहकारी फुंकणी घेऊन चुलीपुढे बसला, धुरानं त्याचे डोळे लाल झाले. मी एक मूठ टाकायची, पाणी पुन्हा उसळलं की दुसरी. दाणे चांगले शिजल्यावर मी गंजावर वाकून श्वास घेतला. वास नव्हता! काकूंनी एक दाणा फुंकून तोंडात टाकला. आम्ही दोघं त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"हे तं उकडल्या भुईमुंगावानी लागते," त्या म्हणाल्या आणि त्यांनी दुसरा दाणा उचलला. मी त्यांना मिठीच मारली.

दाणे उन्हात खडखडीत वाळवले. नुसतं सोयाबीन दळायला चक्कीवाला तयार होईना, तेलकट पीठ दगडाला चिकटतं म्हणून. मग त्यात चण्याची डाळ मिसळून दळून घेतलं.

बाजाराच्या दिवशी काकूंचं म्हणणं पडलं, आधी सांगायचंच नाही. मी ऐकलं नाही. कुणाला सोयाबीन सोसत नसलं तर? सहकाऱ्यानं पुठ्ठ्यावर ठळक लिहिलं, 'सोयाबीनची भजी'.

"आता पाहा, कोनी फिरकनार नाई," काकू म्हणाल्या, आणि बराच वेळ खरंच कुणी फिरकलं नाही. मग सोयाबीन विकून परतणारे एक काका पुठ्ठ्यापुढे थांबले.

"म्हंजे माह्याच मालाचे भजे काय?"

त्यांनी एक भजं मोडून आत पाहिलं आणि खाल्लं. दुसरं खाल्लं. मग मिरची मागितली.

"आनखी एक पुडी बांधा बाई. घरी दाखोतो, आपलं सोयाबीन असंही लागते म्हनून!"

त्यांचा आवाज मोठा होता. दहा पावलांवरची माणसं वळली आणि बघता बघता गाड्याला गराडा पडला. मी तळत होते, सहकारी पुड्या बांधत होता, आमचं एकमेकांशी बोलणंही ऐकू येईना. मध्येच मॅडम आल्या आणि सरळ पुढे घुसल्या.

"ओ बाई, लाईन हाये," काकू गरजल्या. मॅडम मागे जाऊन भज्यांसाठी रांगेत उभ्या राहिल्या. त्या दिवशी त्यांनी दिलेली ही एवढीच शाबासकी, पण ती मला पदवीहून मोठी वाटली.

पीठ संपल्यावर काकूंनी विचारलं, "उन्हायात हे पीठ खवट होईन काय?"

"माहीत नाही!" मी म्हणाले, आणि मला विलक्षण आनंद झाला. सध्या महागावजवळच्या एका तांड्यावरच्या बायकांसोबत मी तेच शोधते आहे.