आईसाठी एक क्लोन

माझी क्लोनवरची कथा दिवाळी अंकात छापून आली, आणि दोन महिने फोन न केलेल्या दादाचा तीन दिवसांत तीनदा फोन आला.

"लाज नाही वाटली का गं तुला?" हे त्याचं पहिलं वाक्य. आई कशी आहे, हे दुसरंही नव्हतं.

आई पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि ती पुन्हा उभी राहिली नाही. त्याला आता तीन वर्षं होतील. दादाने लग्न केलं, मी केलं नाही. तेवढ्या एका कारणावर आई मुलुंडला माझ्या वन रूम किचनमध्ये आली आणि दादा बोरिवलीला राहिला. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते. वीस वर्षं लोकांच्या पेशी मायक्रोस्कोपखाली बघितल्या, ते सोडून घरी बसले. 'बसले' हा लोकांचा शब्द. दर दोन तासांनी आईला कुशीवर वळवायचं, पाठीला पावडर, डायपर, पेज, औषध, की पुन्हा वळवायची वेळ. बाई ठेवून पाहिली. बाईच्या हातचं आई खात नाही.

क्लोनच्या गोष्टी मी शाळेपासून वाचत आले आहे आणि शाळेपासून माझं डोकं फिरवून घेत आले आहे. कुणीतरी शास्त्रज्ञ काचेच्या टाकीतून पूर्ण वाढलेला माणूस बाहेर काढतो. त्याला बोलता येतं, चालता येतं, मूळ माणसाच्या सगळ्या आठवणी असतात. अरे, क्लोन म्हणजे बाळ! नऊ महिने कुणाच्या तरी पोटात, मग दुपटी, गोवर, दहावीचा अभ्यास. पन्नाशीची मी हवी असेल तर पन्नास वर्षं थांबा. शंभर क्लोनची फौज उभी करणाऱ्या या लेखकांना शंभर लंगोट कोण धुणार हा प्रश्न एकदाही पडत नाही. त्यांच्या घरात धुणारं कुणीतरी असतंच ना.

तरी मीही तीच थाप मारली. माझ्या कथेतली बाई स्वतःच्या केसाच्या मुळापासून आठवड्याभरात स्वतःची दुसरी प्रत तयार करते. दुसरी आईपाशी राहते, पहिली कामावर जाते. महिन्याभरात दुसरी इतकी दमते की पहिलीला न सांगता तिसरी बनवते. शेवटी एका स्वयंपाकघरात तिघी उभ्या, आणि तिघींचीही कंबर दुखते आहे. संपादकांचा फोन आला, "मॅडम, झकास! काय हसलो आम्ही ऑफिसात." आणि कथेच्या डोक्यावर 'विनोदी विज्ञानकथा' असं छापून मोकळे झाले. मी त्यात एक ओळही हसवायला लिहिली नव्हती.

त्याच सुमारास लॅबमधून विचारणा झाली. एक मुलगी बाळंतपणाच्या रजेवर चालली होती, तीन महिने याल का, भाऊबीजेपर्यंत कळवा. मला जायचं होतं. तो मायक्रोस्कोप, तो डबा खायचा अर्धा तास, कुणीतरी मला 'मॅडम, जरा ही स्लाइड बघा' म्हणणं, सगळं हवं होतं. भाऊबीजेला दादा येईल तेव्हा सरळ विचारायचं ठरवलं: तीन महिने आईला ने.

दादा आला. मी ओवाळलं. त्याने साडी दिली, चकली उचलली आणि पिशवीतून अंक काढला.

"आईला दाखवलंस का हे? नाही ना? मग मी वाचतो."

आणि खरंच आईच्या पलंगावर बसून त्याने सगळी कथा मोठ्याने वाचली. डायपरचा उल्लेख आला तिथे थांबून माझ्याकडे बघितलं. मी दारात उभी होते. संताप होताच, पण त्याहून जास्त भीती होती. आईला लागलं तर? तिला वाटलं, मला ती नकोशी झालीय, तर?

वाचून झाल्यावर आई माझ्याकडे मान वळवून म्हणाली, "स्वतःची कशाला काढलीस गं? त्याची काढायची ना. एक राहील बोरिवलीला, एक इथे माझ्यापाशी."

दादाचे डोळे भरून आले. त्याने तिचा हात धरला. मी म्हटलं, "आई, डायपर बदलेल का तो?"

"त्याला कशाला कामाला लावतेस? नुसता बसेल. कामाला तू आहेसच की."

तिने ते टोचायला म्हटलं नव्हतं. आणि खरी आग माझीच मला लागली होती. विज्ञानकथा होती ती, वाटेल ते घडवता आलं असतं. त्यात मी स्वतःच्या दोन प्रती काढल्या आणि दोघींना आईच्या उशापायथ्याशी उभं केलं. दादाला बोरिवलीहून मुलुंडला आणावं हे मला गोष्टीतसुद्धा सुचलं नव्हतं.

"कॉपी राहू दे," मी दादाला म्हटलं. "तूच ने तिला तीन महिने. मला लॅबमध्ये बोलावलंय."

"अगं, असं एकदम कसं? घरात जागा कुठाय? हिला विचारायला हवं." हिला म्हणजे वहिनीला, जी त्या वेळी तिच्या भावाकडे होती. मग त्याने घड्याळ बघितलं. "जोगेश्वरीला पूल जाम होतो यार संध्याकाळी. निघतो. बोलू आपण निवांत."

"जाऊ दे गं त्याला," आई म्हणाली.

तो गेल्यावर मी आईला कुशीवर वळवलं, पाठ पुसली, पावडर लावली. मग स्वयंपाकघरात जाऊन लॅबला फोन केला आणि नाही म्हणून सांगितलं. फोन ठेवते न ठेवते तोच आतून आईची हाक आली.

"दादा पोचला का विचार गं. एवढ्या लांबून आला होता, दमला असेल बिचारा."