आरंभी शून्य धरून

पुरवठ्याच्या तारा काढून घेतल्या, तरी त्या काचेच्या दिव्यात क्षणभर पिवळसर उजेड उमलला आणि विझला. पेणच्या विजेच्या वर्गात सर हसून म्हणाले, "घाबरलात का मॅडम? कपॅसिटरमध्ये साठलेली वीज ती. दिव्यावर रिकामी केली." नातवंडे शोभावीत अशा विद्यार्थ्यांमागे शेवटच्या बाकावर संकोचून बसलेल्या माझ्या अंगावरचा काटा कुणालाच दिसला नाही. अशाच दडलेल्या तेजाने माझा धाकटा भाऊ नेला होता!

रोह्याच्या एका कंपनीत तो इलेक्ट्रिशियन होता. मेन स्विच त्याने स्वतः बंद केला, पॅनेल उघडले आणि आतल्या कपॅसिटरला हात लावला. "बंद पॅनेलने कोण मरतो? प्यायला असंल," असे त्याच्या गावी, कासूच्या स्टेशनवर लोक बोलले आणि ते त्याच्या बायकोच्या, सुषमाच्या, कानांवर गेले. "ताई, तू शिकलेली. बंद करंट मानसाला मारतो कसा, येवढं मला शोधून दे गो." आयुष्यभर संस्कृत शिकवलेल्या मला हे कुठून उमगणार? म्हणून निवृत्तीनंतर, भीतभीत, मी त्या वर्गात नाव घातले.

तिथे ट्रान्सफर फंक्शन नावाचे सूत्र भेटले. किती देखणी रचना! विजेच्या मंडलात, म्हणजे सर्किटमध्ये, काय शिरले ते सांगा, बाहेर काय येईल ते ती एका अपूर्णांकात सांगते. मात्र तिच्या उंबरठ्यावर एक बारीक वाक्य उभे असते: आरंभीच्या सर्व स्थिती शून्य धराव्यात. म्हणजे कपॅसिटर रिता, कालचे काही शिल्लक नसलेला. असा निर्लेप आरंभ या भूतलावर कुणाच्या वाट्याला येतो? बांध फुटून खाडीचे पाणी एकदा शेतात शिरले, की पुढे पाऊस तोच, बियाणे तेच, तरी भात पिवळे पडते. माती ते मीठ धरून बसते. भावाने पुरवठा तोडला होता. साठा ओसरायला थोडा अवधी लागतो.

तेवढा अवधी त्याने दिला नाही. सोबतचा कामगार मला एकटीला म्हणाला होता, "जरा दम धर म्हटलं, तर हसला. म्हणला, गाडी चुकंल, घरी पोपटी लावायचीय." जाळात भाजायच्या त्या पोपटीसाठी वालाच्या शेंगांनी मडके भरून सुषमानेच त्याला फोन केला होता: लवकर या.

गेल्या रविवारी मी कासूला गेले. तिच्या ओट्यावर कपॅसिटर भरला, तारा काढल्या, दिव्याला जोडला. उजेड उमलला, विझला.

"म्हंजे ते प्यायले नव्हते," ती म्हणाली, आणि तिचे आखडलेले खांदे सैल झाले. मग माझ्याकडे न पाहता तिने विचारले, "जरा थांबले असते, तर वाचले असते काय गो ताई?"

ज्या वाक्याशी मी इतके दिवस मनातल्या मनात भांडत आले, तेच अखेर माझ्या कामी यावे! "नाय गो," मी म्हणाले, "थांबून काय उपयोग नव्हता." फोन, गाडी, वाट पाहणारे मडके, सारे मी शून्य धरले.

"आता रिकामा ना तो?" तिने कपॅसिटरकडे बोट दाखवले.

"व्हय. रिकामा."

तरीही तिने त्याला हात लावला नाही. आणि पिशवीत भरताना, त्याच्या टोकांना आपले बोट लागू नये, म्हणून मीही जपत होते.