शबानाच्या गळ्यातली माझी ओवी

आधीच सांगते, भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई मी नाही. जुन्नरजवळच्या डिंगोरे गावातल्या आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट. भावकीत कुणाच्या अंगात आलं की मी सरळ उठून बाहेर जाते. तरी हे लिहितेय, कारण घडलं तेव्हा मी तिथंच होते... आणि पूर्ण शुद्धीत होते.

गेल्या वर्षी पुण्याच्या एक संगीतकार मॅडम जुन्नरला आल्या. बायकांच्या कवितांना चाली लावून त्या एक कार्यक्रम बसवत होत्या. वाद्यं नाहीत, नुसते गळे. त्यात आजच्या कवयित्री होत्या, आणि शेवटी माझ्या आईच्या जात्यावरच्या ओव्या. मॅडमना आईकडे मीच नेलं होतं, म्हणून वाटलं सोलो मलाच मिळणार. मिळाला जुन्नरच्या शबानाला. आवाज चांगला आहे तिचा, नाही म्हणत नाही. मी मागच्या ओळीत, कोरसला!

शबाना ओव्या शिकायला दर रविवारी आमच्या घरी यायची आणि आई तिच्यावर लट्टू. "काय गळा हाय पोरीचा!" मला तर ती एवढ्या मायेनं कधी काही म्हणाली नव्हती. आईची माझ्या थोरल्या भावावर ओवी आहे, मामावर आहे, अगदी ढवळ्या बैलावरही आहे. माझ्यावर एकही नाही.

एकदा तोंडावरच विचारलं. म्हणाली, "तू झालीस तवा गावात गिरणी आली. जातं नेऊन गोठ्याच्या पायरीला लावलं. मग कशावर म्हनू?"

"बैलापेक्षा पण खालची व्हय मी?"

"बैल कामाचा व्हता," म्हणून हसली. "जळतीस व्हय गं त्या पोरीवर?"

जळत होतेच. अजून जळते.

तर, एका रविवारी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये तालीम होती. शबाना पुढं उभी. आमचा कोरस नंतर होता, म्हणून मी मागं बाकावर, आईला खेटून बसलेले. आईच्या तोंडात मिश्री. शबानानं ठरलेल्या ओव्या म्हटल्या... आणि थांबलीच नाही. डोळे मिटून पुढं म्हणाली—

लाल गाडी उभी बाई फाट्याच्या वळणाला
माझी साळू गेली बाई अक्षरांच्या दळणाला

साळू म्हणजे मी! शाळेत जायला लागले तसं ते नाव आईनंही टाकलं. माझ्या नवऱ्यालाही माहीत नाही.

मॅडमनी हात वर केला. "शबाना, हे कुठलं मध्येच?"

ती गोंधळली. "मावशींनी आत्ता म्हटली ना? मी मागनं म्हटली फक्त."

मावशी म्हणजे आई, ती तर माझ्या शेजारी, ओठ घट्ट मिटलेले. उठून नळावर चूळ भरायला गेली. मी तिच्या मागं.

"तिला चोरून शिकवलीस ना? मला सांगायचं पण सुचलं नाही?"

"तुझी आन, कुनालाच म्हटली न्हाई. तू पयल्यांदा कॉलेजला निघालीस तवा फाट्यावर उभ्याउभ्या सुचली. जातं नव्हतं, तोंडातनं काढली न्हाई. आत्ता तुला मागं बसलेली बघितली, अन् मनात आली... एवढंच."

"मग आता मला म्हणून दाखव."

"ऱ्हाऊ दे गं. त्या पोरीनं म्हटली ती लई ग्वाड."

मॅडमनी ती ओवी कार्यक्रमात ठेवली. लोकांनी शबानाला उभं राहून टाळ्या दिल्या. नंतर तिला एकटीला गाठून विचारलं, तर तिच्या डोळ्यांत पाणी. "सुरेखाताई, शपथ, मावशींचाच आवाज आला. तुमच्याच बाजूनं."

मिस्टर म्हणतात, योगायोग. पण नावासकट योगायोग होतो का? भूत असतं तर परवडलं असतं, त्याला उतारा तरी असतो. आईनं मनात ओवी म्हटली तेव्हा तिच्या खांद्याला माझा खांदा लागलेला होता. ऐकू आली ती पार हॉलच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या शबानाला... मला का नाही?