सोळा जणांचा उपवास

त्या गुरुवारी आमच्या घरी सोळा माणसं प्रार्थनेला आली आणि सोळाच्या सोळा जणांचा उपवास निघाला.

पहिला हात आमच्या चर्चच्या सरांनी आडवा केला. "आज उपवास आहे." माझी बायको शलोमी चहाचा ट्रे घेऊन पुढं सरकली. सरांच्या बाई म्हणाल्या, "माझाही." मग त्यांच्या शेजारचे. मग त्यांच्या शेजारचे. सतरंजीवरची रांग संपली, ट्रेमधला एक कप हलला नाही. उप्पिटाच्या बशा तर स्वयंपाकघरातून बाहेरच आल्या नाहीत.

आणि मी काय केलं? मी शरमलो. माझीच लाज वाटली मला. एवढी माणसं रिकाम्या पोटी देवाचं नाव घ्यायला आली आणि आपण दुपारी तांबडा रस्सा ओरपून बसलोय. शेवटच्या प्रार्थनेत डोळे मिटून मोठ्यानं म्हणालो, "प्रभू, या सोळा जणांचा उपवास मान्य करून घे."

कुणीतरी खोकलं. आमेन जरा बारीक आलं.

गाढव. दुसरा शब्द नाही.

आमच्या चर्चमध्ये चांगल्या पुस्तकांची एक यादी असते. श्रद्धा, संसार, उपासना, असल्या विषयांची. त्यातलं एक पुस्तक निवडायचं, दर गुरुवारी एका घरी जमायचं, एक धडा वाचायचा, प्रार्थना करायची, घरच्यांनी चहापाणी द्यायचं. वाचणारा मी. फौंड्रीत भट्टीच्या वर आवाज काढून काढून घसा तयार झालाय, एवढीच माझी लायकी. यंदाचं पुस्तकही मीच सुचवलेलं. मीटिंगमध्ये हात वर करून, छाती काढून. नाव सांगत नाही, त्या पुस्तकाची काही चूक नाही.

चौथा धडा पाहुणचाराचा होता. घरात आलेल्याला आपल्यातलं द्यावं आणि दुसऱ्याच्या घरी जे मिळेल ते आनंदानं घ्यावं, असा. तो नेमका आमच्या पाळीला आला म्हणून मी खूश. तीन वेळा सराव केला, शलोमीला समोर बसवून. गार होणाऱ्या चहापुढं बसून मी तो धडा सोळा जणांना वाचून दाखवला. चढउतारासकट.

आमच्या घराला पाळी पहिल्यांदाच मिळालेली. आजवर "तुमचं घर लांब पडतं" म्हणायचे. सर म्हणजे निवृत्त हेडमास्तर, चर्चच्या कमिटीचे मुख्य. ते आणि बाकीचे बहुतेक जुन्या मिशनच्या आवारातल्या बंगल्यांतले. त्यांचे पणजोबा ख्रिस्ती झाले, आमचेही झाले. ते भरल्या वाड्यांतून आले, आमचे मुरगूडकडच्या एका गावाच्या वेशीबाहेरून. पणजोबांची गोष्ट संपली असं मी धरून चाललेलो. माझ्या पुतणीचं स्थळ बघताना त्यांच्यातल्या एकानं विचारलं होतं, "मूळचे कुठले?" मी म्हणालो, "मुरगूडचे." तो हसला. त्याला गाव नको होतं, हे मला कळायला दोन वर्षं लागली.

तर पाळी मिळाली म्हणून आदल्या दिवशी भिंत रंगवली. निळी. स्वस्तातला रंग, वाळलाच नाही. कप घरात सहा, दहा शेजारणीकडून आणले.

सगळे गेल्यावर बघतो तर सरांचा चष्मा सतरंजीवर. म्हटलं, म्हातारा माणूस, अडेल. काढली गाडी.

चौकात भज्याच्या गाड्यापाशी घोळका होता. पाठमोरे. त्यातल्या एका पांढऱ्या शर्टावर निळा डाग, हाताएवढा. माझी भिंत. चहा घेतला नाही, भिंत तेवढी घेऊन आले होते.

"सर, चष्मा."

सर वळले. हातात कांदाभजी.

"उपवास सुटला व्हय?" मी विचारलं. आईशपथ, टोमणा नव्हता. टोमणा मारायची अक्कल असती तर तिथवर गेलोच नसतो. "मग चला की परत. चहा गरम करतो. उप्पीट बी हाय."

गाडेवालाच म्हणाला, "पावणं, तुमाला देऊ का एक प्लेट?"

बाई समजुतीनं म्हणाल्या, "गैरसमज करून घेऊ नका हं. तुमच्या तिकडचं पाणी बाधतं आम्हाला."

बाईंच्या हातात पाण्याचा ग्लास होता. गाड्याखालच्या पिंपात बुडवून काढलेला.

तिथं कळलं. अख्खं. दोन वर्षं लागली नाहीत.

घरी आलो. शलोमी सोळा कप धुऊन पालथे घालत होती.

"तुला म्हाईत हुतं?"

"तुमालाच न्हवतं."

"मग सोळा जणांचं उप्पीट कशाला केलंस?"

"पाळी आपली हुती," ती म्हणाली.

दोन दिवस उप्पीट खाल्लं. राग त्यांचा कमी, माझा जास्त. इतकी वर्षं त्यांच्या घरी केक खाल्ला, मान हलवली, "वा बाई, हलका झालाय" म्हणालो. आणि देवाला त्यांचा उपवास विकून आलो.

पुढचा गुरुवार सरांच्या बंगल्यात. वाचायला बसण्याआधी सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "पुढच्या फेरीत तुमच्याकडे पाळी ठेवलेली नाही. तुम्हाला उगाच त्रास."

"त्रास न्हाय. पाळी पायजे."

"बघू."

चहा आला. केक आला. बाईंनी कप पुढं केला. हात जाणार होता, सवयीचा हात. आवरला.

"उपवास का?" बाईंनी विचारलं.

"न्हाय बाई. उपवास न्हाय. भूक बी हाय. पण घेणार न्हाय."

मी पुस्तक उघडलं.

"पाचवा धडा," सर म्हणाले.

"चौथा."

"तो झाला."

"वाचून झाला, सर. व्हायचा ऱ्हायलाय."

आणि वाचला. पहिल्या ओळीपासून, चढउतार न करता. ज्यांच्या शर्टाला माझी भिंत लागली होती ते खाली गालिच्याकडं बघत होते.

आता मला वाचायला बोलवत नाहीत. कमिटीनं दुसरा वाचणारा नेमलाय, गोड आवाजाचा. यादीवरही आमचं घर नाही. मी मात्र दर गुरुवारी जातो. मागं बसतो. कुणाकडं काही घेत नाही. पाचवा, सहावा, सातवा धडा होतो. तो संपला की मी उठून चौथा वाचतो. भट्टीवर चालणारा घसा आहे, कुणाच्या खोकल्यानं दबत नाही. पुस्तक संपेल, यादीतलं दुसरं येईल, तरी माझा धडा तोच.

कप आता सोळा आमचेच आहेत. भिंत वाळलीय. पाळी मी सोडलेली नाही. यायचं त्यानं यावं. चपला आत आणल्या तरी चालतील, उपवास दाराबाहेर काढून ठेवायचा.